परसातले तहसीलदार

"तुमी मांजर पाळता का?"

खोली भाड्यानं मागायला आलेल्या माणसाला घरमालक काय काय विचारेल, याचा मी चौसाळ्याला येताना बसमध्ये पुष्कळ विचार करून ठेवला होता. नोकरी कायम आहे का, घरात माणसं किती, पाणी किती लागतं, सगळ्याची उत्तरं तयार होती. मांजराचं उत्तर तेवढं तयार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"पाळायचा इरादा?"

"नाही."

"गलोल?"

"अहो, मी हायस्कूलवर शिकवायला आलोय."

"त्यानं काय होतंय? तुमच्या आधी इथं ड्रॉइंगचे सर व्हते. त्यांच्याकडं व्हती." एवढं बोलून घरमालक मन्मथअप्पा उठले आणि मला दुकानातून मागच्या परसात घेऊन गेले. परस कसला, चारी बाजूंनी बुटक्या भिंती, एक लिंबाचं झाड, रिकामा गोठा, सरपणाचा ढीग, आणि मधोमध पडक्या भिंतीच्या दगडांची भलीमोठी रास. अप्पांनी त्या राशीकडं हात केला.

"हे धोंडे हलवायचे न्हाईत. एक बी न्हाई."

"का बरं?"

"दसऱ्याला तसीलदारसाहेब येतेत. शिमग्यापस्तोर मुक्काम असतो. ती त्यांची कचेरी हाय."

मी मान हलवली. खोल्या दोन होत्या, हवेशीर होत्या, आणि घरमालक भाड्याचं बोलायचं विसरला होता. अशा वेळी तहसीलदार दगडाच्या राशीवर का बसतो, हे विचारण्यात शहाणपण नव्हतं. मी मनाशी ताडलं की अप्पांचे कोणी पाव्हणे महसूल खात्यात असतील. शाळेतही तसंच सांगितलं. आमचे मुख्याध्यापकही माझ्यासारखेच नवे. त्यांनी मला बाजूला घेऊन, शाळेच्या पटांगणाचं रखडलेलं काम साहेबांच्या कानावर घालाल का, म्हणून गळ घातली. मीही बघतो म्हणालो.

मन्मथअप्पांचं कापडाचं दुकान बाजारातल्या रस्त्यावर होतं. जात्याच वाणी माणूस. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, डोक्यावर काळी टोपी, आणि बोटं अशी की सतत काहीतरी चाचपत असायची. गिऱ्हाइकानं ठाणाला हात लावायच्या आत अप्पा दोन बोटांत कापड चुरगाळून त्याची जात, गाव, गिरणी सगळं सांगून मोकळे व्हायचे. माणूस पायरीवर खोकला की त्याला नावानं हाक मारायचे. "वळखलं का न्हाई?" असं म्हणून आपणच खूश व्हायचे. मला ती त्यांची ऐट वाटायची.

आणि तोंडात एकच पालुपद. "तकलीप न्हाई ना?" गिऱ्हाईक आलं, तकलीप न्हाई ना. गिऱ्हाईक काही न घेता गेलं, तरी पायरीपर्यंत जाऊन, तकलीप न्हाई ना. घरात अप्पा एकटेच. मुलगा लातूरला टीव्ही-फ्रिजच्या धंद्यात होता. रस्त्यापलीकडं नवा एसटीडी बूथ निघाला होता, त्यावर त्याचा फोन यायचा. अप्पा धोतर सावरत रस्ता ओलांडायचे, रिसीव्हर कानाला लावायचे, "हां. तकलीप न्हाई ना? बरं," एवढं बोलून खाली ठेवायचे. बूथवाला म्हणायचा, अप्पांसारखी माणसं चार वाढली तर मला भजी तळायला बसावं लागंल.

तो काळच तसा होता. गल्लीत केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या. पोरांना शिवलेली पँट नको होती, कंपनीची हवी होती. एकदा कॉलेजात जाणारा एक गडी जीनची पँट घालून दुकानात आला. अप्पांनी उठून त्याच्या मांडीवरचं कापड दोन बोटांत धरलं आणि कळवळून म्हणाले, "ही तर बैलाची झूल हाय रे! कुणी फसवलं बे तुला?" गडी परत आला नाही. त्याचे मित्रही आले नाहीत. दुकानात दुपारी माशा असायच्या आणि अप्पा मागच्या दाराशी येऊन बसायचे.

सुनंदा, माझी बायको, गणपतीनंतर आली. तिचं माहेर तलवाड्याचं. पहिल्या बाळंतपणाला गेली होती. मुलगी झाली आणि दोनच दिवस जगली. मी पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. सुनंदा आली ती रिकाम्या हातानं आली, आणि येताना आवाजही माहेरीच ठेवून आल्यासारखी झाली. विचारलं तर हो, नाही. न विचारलं तर तेही नाही. स्वयंपाक करायची, आणि मग आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची.

गल्लीतल्या बाया भेटायला आल्या. कोणी म्हणालं, तरुण आहेस, दुसरं होईल. कोणी म्हणालं, जे झालं त्याचा विचारच करू नये. बाया मनानं चांगल्या होत्या. पण त्या गेल्या की सुनंदा जास्तच भिंतीला लागायची.

अप्पाही आले. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. टोपी काढली, घातली, परत काढली. पालुपद ओठापर्यंत आलेलं मला दिसलं. "तक..." एवढंच बाहेर पडलं आणि अप्पांनी ते गिळलं. त्यांना एखादं वाक्य गिळताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग एकदम म्हणाले, "सूनबाई, जरा मांजराकडं ध्यान ठेवाल का?"

सुनंदानं वर बघितलं.

"शेजाऱ्याचा बोका हाय एक. लई हरामी. साहेब यायची येळ झाली. मला दुकान सोडून बसता येत न्हाई. तुमी नुसतं दारात बसायचं. बोका आला की हाड म्हणायचं. बाकी काम न्हाई."

मला रागच आला. दुःखातल्या बाईला हा माणूस बोका हाकायला सांगतोय! पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर सुनंदा भिंतीला नव्हती, मागच्या पायरीवर बसली होती. शेजारी चिपाड ठेवलं होतं, बोक्यासाठी.

दसरा झाला. त्या सकाळी मी घरीच होतो. लिंबाखालून बारीक आवाज आला, टिक्, टिक्, जिभेनं टाळूवर केल्यासारखा. तेवढ्यावर अप्पा दुकानातून गिऱ्हाईक टाकून धावत आले. "आले! साहेब आले!" दाराशी उभे राहून त्यांनी दगडांच्या राशीला वाकून सलाम ठोकला.

तहसीलदार तेव्हा सरपणाच्या ढिगावर होते. चिमणीएवढं पाखरू. बसल्या जागी शेपूट थरथर थरथर कापत होतं. मधेच वाकायचं, सरळ व्हायचं, खाली उडी घेऊन एखादी मुंगी टिपायचं आणि पुन्हा वर. तर हे आमचे तहसीलदार! मुख्याध्यापकांना काय सांगावं, हा माझ्यापुढं पहिला प्रश्न.

नंतर शाळेच्या एका पुस्तकात मला त्याचं नाव सापडलं. थिरथिरा. पार हिमालयाकडच्या थंडीतून खाली येतो. पडक्या भिंती, दगडांच्या राशी, गोठे, उकिरडे अशाच जागा त्याला लागतात, आणि बहुधा पुढच्या वर्षी तो त्याच जागेवर परत येतो. अप्पांनी त्याला दिलेल्या हुद्द्याचं कारण वेगळं होतं. निजामाच्या राजवटीत, अप्पा लहान असताना, हिवाळ्यात एक तहसीलदार दौऱ्यावर यायचे आणि त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर टेकायचे. वर काळी शेरवानी, खाली विटकरी सुरवार, आणि बसले की पाय सारखा हलवत राहायचे. गावावर त्यांचा वचक होता, पण अप्पांना ते जवळ घेऊन खडीसाखर द्यायचे. पुढं राजवट गेली, साहेबही गेले. मग परसात हे पाखरू दिसलं. काळी छाती, विटकरी पोट, शेपूट हलतंय. साहेबच परत आले, अशी अप्पांची खात्री पटली.

"सूनबाई," त्या सकाळी अप्पा राशीकडंच बघत म्हणाले, "काळी शेरवानी कशी चमकतीय, बगितलं का?"

सुनंदा सरपणावरच्या पाखराकडं बघत होती. मीही बघत होतो. पाखरू मातकट होतं, उंदराच्या रंगाचं. शेपटाखाली तेवढा विटकरी डाग. शेरवानी कुठंच नव्हती. ती मादी होती, पण तेव्हा हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

सुनंदानं अप्पांच्या तोंडाकडं बघितलं. मग राशीकडं बघितलं, जिथं काहीच नव्हतं.

"हो अप्पा," ती म्हणाली. "काळी कुळकुळीत हाय."

मी रात्री जेवताना विचारलं, "अगं, काळं कुठं होतं?"

"त्यांना दिसत न्हाई," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. बुबुळं पांढरी झाली हायत. तुम्ही बघितलं न्हाई का कधी?"

मी बघितलं नव्हतं. बोटांनी कापड ओळखणं, खोकल्यावरून माणूस ओळखणं, माझ्या लेखी ती सगळी हुशारी होती.

"मग खोटं कशाला सांगितलंस?"

"त्यांचं तोंड बघून न्हाई म्हणवंना."

बऱ्याच दिवसांत ती एका दमात एवढं बोलली होती. मी पुढं काही विचारलं नाही. वाटलं, बोलणं पुन्हा बंद पडायचं.

मग ते रोजचंच झालं. दुपारी अप्पा येऊन पायरीवर बसायचे आणि काहीच ठाऊक नसल्यासारखं विचारायचे, "आज साहेबांची काय धामधूम?" म्हणजे मला दिसतंय, पण तुमची नजर किती आहे ते तपासतो, असा आव. सुनंदाही त्यांना तो आव आणू द्यायची. आपल्याशीच बोलल्यासारखी सांगायची. आत्ता राशीवरून गोठ्याच्या मेढीवर गेले. आता दोरीवर बसलेत, तुमच्या धोतराशेजारी. एक कोळी धरला. शेरवानीवर धूळ बसलीय, झटकतायत. सुरुवातीला चार वाक्यं असायची. दिवाळीपर्यंत ती भांडी घासता घासता सांगायला लागली. पाखरू जे करायचं ते सांगून झालं की जे करत नसे तेही सांगायची. "आज साहेब नाराज दिसतेत अप्पा. वसूल आला नसंल." अप्पा मांडीवर थाप मारून हसायचे. एके दिवशी शाळेतून येताना मला बाहेरूनच दोन माणसांचं हसणं ऐकू आलं. त्यातलं एक माझ्या बायकोचं होतं. मी दारातून आत न जाता गल्लीला एक चक्कर मारून आलो.

देवाधर्माचं मी फारसं करत नाही. पण आजही चौसाळ्यावरून बस जायला लागली की माझे हात आपोआप जोडले जातात. लोकांना वाटतं, नारायणगडाच्या देवस्थानाला हात जोडतोय. मी जोडतो ते बाजारातल्या एका कापडाच्या दुकानाला.

बोका आला तो थंडीच्या ऐन भरात. मी घरी नव्हतो, पण ही गोष्ट मला गल्लीतल्या प्रत्येकानं स्वतंत्रपणे सांगितली. पाखरू राशीखाली उतरून मुंग्या टिपत होतं आणि बोका गोठ्याच्या सावलीतून पोटावर सरकत आला. चिपाड हाताशी नव्हतं. सुनंदा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं फेकलं आणि अशी किंचाळली की बूथवाल्यानं लातूरचा फोन मधेच ठेवला. लाटणं बोक्याच्या शेपटाजवळ पडलं. बोका भिंतीवरून गेला, पाखरू लिंबावर गेलं, आणि सगळं भागलं असं वाटतंय तोवर दुकानातून अप्पा कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन धावत आले.

"कुठंय त्यो? कुठंय?" म्हणत ते थेट दोरीवरच्या ओल्या लुगड्यात शिरले, त्यात गुरफटले, आणि गजासकट दगडांच्या राशीवर कोसळले.

कपाळाला खोक पडली. सुनंदानं हळद दाबली. अप्पा आधी विचारत होते, साहेबांना तकलीप न्हाई ना? न्हाई म्हटल्यावर शांत झाले.

मी आलो तेव्हा सुनंदा त्यांच्यासमोर बसून बोलत होती. "अप्पा, आता बास. डोळे दाखवायचे."

"डोळ्याला काय धाड भरलीय?"

"मला ठाऊक हाय."

अप्पांनी कपाळावरची हळद चाचपली. मग बारीक आवाजात म्हणाले, "पोराला सांगू नका. त्याला कळलं की दुकानाला कुलूप घालंल अन् मला उचलून लातूरच्या फ्लॅटात ठेवंल. तिसऱ्या मजल्यावर. तिथं तसीलदार येतेत का?"

"न्हाई सांगत. पण तुम्ही बीडला चला."

बीडला नेत्रशिबिर होतं. मी रजा काढून त्यांना घेऊन गेलो. अप्पा वाटेत नुसती माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून बसले. डॉक्टरांनी हात वर करून विचारलं, "आजोबा, बोटं किती?"

"हात माझ्या हातात द्या," अप्पा म्हणाले, "मंग सांगतो."

डॉक्टर हसले. तसे अप्पाही जरा सैल पडले आणि ऑपरेशनला आत नेताना उलट डॉक्टरांनाच म्हणाले, "घाबरू नका."

एकच डोळा केला. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून अप्पा परत आले आणि महिना-दीड महिना आमच्याकडंच जेवले. चष्मा नंतर मिळणार होता. तोवर सुनंदाचं सांगणं चालूच. फक्त आता मला तिच्या आवाजात थोडी धाकधूक ऐकू यायची. एका रात्री म्हणाली, "त्यांना दिसायला लागल्यावर काय होईल हो?" मी म्हणालो, "बरंच होईल की." ती म्हणाली, "तसं न्हाई. शेरवानीचं?"

शिमग्याच्या थोडं आधी जाड भिंगाचा चष्मा आला. सकाळची वेळ. मी शाळेला निघालो होतो, पायांत चपला घातल्या होत्या. अप्पा चष्मा लावून मागच्या दारात आले. त्या भिंगामागं त्यांचा डोळा लिंबाएवढा दिसत होता. सुनंदा राखेनं तवा घासत होती, तिचा हात थांबला.

पाखरू राशीच्या टोकावर होतं. शेपूट थरथरत होतं. ऊन चांगलं होतं, काहीच लपण्यासारखं नव्हतं.

अप्पा बघत राहिले. पुष्कळ वेळ बघत राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे साहेब न्हाईत. ह्या तसीलदारीणबाई हायत."

सुनंदा पुन्हा तवा घासायला लागली.

"शेरवानी कुठंय?"

"मीच शिवलती, अप्पा," ती खाली मान घालून म्हणाली.

मला वाटलं, आता म्हातारा दुखावणार. तर अप्पांच्या पोटातून आधी खुसखुस आली आणि मग ते एवढे हसले की तसीलदारीणबाई राशीवरून उडून गोठ्यात गेल्या.

"लई झ्याक शिवलीस! अर्धा हिवाळा मी बगत व्हतो तिच्याकडं."

"कापड तुमचंच होतं," सुनंदा म्हणाली.

अप्पा चष्मा पुसायला लागले. हसून हसून पाणी आलं असेल असं मी समजलो. ते पायरीवर तिच्याशेजारी खाली बसले.

"आधीचे दोन हिवाळे नुसता आवाज ऐकला मी," ते म्हणाले. "टिक् टिक्. हितं बसायचो. आलेत एवढं कळायचं, पण काय करतेत, कसे दिसतेत, कळायचं न्हाई. कुणाला इचारू? इचारलं की कळलं. घरात दुसरं कोण व्हतं? औंदा तू सांगितलंस, तर मला वाटलं, आपुन हाओत अजून."

गोठ्यातून टिक् टिक् ऐकू आलं. तिकडं कुणी बघितलं नाही. अप्पांनी चष्मा परत चढवला नव्हता. तो त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि त्यांचा हात सुनंदाच्या राखेनं भरलेल्या मनगटावर होता.

"लेकरू कसं व्हतं गं?" त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. गल्लीनं नाही, माहेरानं नाही, मीसुद्धा नाही. मी दाराला धरून उभा राहिलो. शाळेची घंटा इथवर ऐकू यायची, ती झाली.

सुनंदानं तवा बाजूला ठेवला. मग तिनं सांगायला सुरुवात केली, हळू, नीट, एकेक.

"लई केस होते, अप्पा. काळेभोर. मानेपर्यंत आलेले. कानाच्या पाळीवर बारीक लव होती, उन्हात धरलं की सोन्यासारखी दिसायची. उजव्या हाताची मूठ सोडायची न्हाई. मी बोट घातलं तर धरून ठेवायची."

"अन् डोळे?"

"उघडायची की. माझ्याकडंच बघायची."

"सांग," अप्पा म्हणाले. "अजून सांग."